गजरा नाही, टोपी

मराठीत टोपी हा बहुतेक पुरुषांचा विषय. गांधी टोपी, पुणेरी पगडी, कोल्हापुरी फेटा, आमच्या बडोद्याची गायकवाडी पगडी. डोक्यावर काय आहे त्यावरून माणूस कुठला आणि कुणाचा हे एकेकाळी लांबूनच कळायचं. टोपी घालणं, टोपी फिरवणं हे वाक्प्रचारही त्यांच्याच डोक्यावरून आले. बायकांच्या डोक्यासाठी आपल्याकडे पदर आहे, गजरा आहे, वेणी आहे, अंबाड्यात खोचलेलं फूल आहे. टोपी नाही.

त्यामुळे मावसबहिणीच्या लग्नाच्या आमंत्रणामागोमाग व्हॉट्सअॅपवर सूचना आली, की जवळच्या सगळ्या बायकांनी रिसेप्शनला फॅसिनेटर किंवा कॉकटेल हॅट घालायची, तेव्हा फतेगंजमधल्या आमच्या घरात आधी शब्दाचीच अडचण झाली. मम्मी म्हणाली, "म्हणजे नक्की काय घालायचं?" मी म्हटलं, "डोक्याला लावायचं शोभेचं प्रकरण." ती म्हणाली, "मग मला नको. मी डोक्याला काही लावत नाही."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की जणू ती साखर न घेता चहा पिते. पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत मम्मी डोक्याला लावायची. आम्ही मूळचे वसईचे. तिथे मोगरा, सोनचाफा घराच्या मागच्या वाडीत होतो आणि पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातो. वसईची बाई लग्नाला गजऱ्याशिवाय जाते असं मी लहानपणी पाहिलेलं नाही. पप्पा गेल्यावर मम्मीचा गजरा बंद झाला. कुणी बंद कर म्हणालं नाही, चर्च तर असं काही सांगतच नाही. एका नातेवाईक बाईंनी पहिल्याच वर्षीच्या एका लग्नात गजऱ्यांची परडी फिरवताना मम्मीच्या पुढ्यातून न थांबता ती पुढे नेली, एवढंच. आम्ही ख्रिस्ती असलो तरी काही गोष्टी आमच्यात बाप्तिस्म्याच्या आधीच्या आहेत, आणि त्या धर्मग्रंथापेक्षा पक्क्या आहेत.

म्हणून हा टोपीचा विषय मी मनावर घेतला. बहिणीला फोटो चांगले हवे होते. मला मम्मीच्या डोक्यावर काहीतरी हवं होतं.

आधी दोन्हींतला फरक. कॉकटेल हॅट ही खरी टोपीच असते, फक्त लहान. तिला आकार दिलेला तळ असतो, कड जवळजवळ नसते, आणि ती डोक्याच्या मधोमध न बसता एका बाजूला, कपाळाकडे झुकवून बसवतात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात संध्याकाळच्या पार्ट्यांबरोबर ती रुळली. त्या काळात पॅरिसमध्ये एल्सा स्कियापरेली या डिझायनर बाईंनी चित्रकार साल्वादोर दाली यांच्याबरोबर १९३७ साली चक्क उलट्या बुटाच्या आकाराची टोपी केली होती. फॅसिनेटरला तळ नसतो किंवा नावापुरता असतो; पिसं, जाळी, कापडी फुलं यांचा गुच्छ कंगव्यावर, क्लिपवर किंवा हेअरबँडवर बसवलेला असतो. इंग्लंडच्या रॉयल अॅस्कट शर्यतींमध्ये २०१२ पासून मुख्य एन्क्लोजरमध्ये फॅसिनेटर चालत नाही. डोक्यावरच्या वस्तूचा तळ किमान चार इंचांचा, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरचा हवा, असा तिथे नियम आहे. आमच्याकडे कुणी पट्टी घेऊन उभं राहणार नव्हतं, पण माप म्हणून तो आकडा मला पुढे उपयोगी पडला.

गंमत शब्दाची आहे. १९व्या शतकात फॅसिनेटर म्हणजे डोक्यावरून घ्यायची विणलेली हलकी ओढणी. म्हणजे ती डोकं झाकण्याची वस्तू होती. आता तोच शब्द डोक्याकडे लक्ष वेधणाऱ्या वस्तूला आहे.

हा प्रवास चर्चमध्येही झालेला आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात प्रार्थनेच्या वेळी बाईने डोकं झाकावं असं सांगितलं. कॅथोलिक चर्चच्या १९१७च्या कायद्यात तसं कलमच होतं: पुरुषांनी उघड्या डोक्याने, बायकांनी डोकं झाकून. १९८३च्या नव्या कायद्यातून ते गेलं. या मधल्या काळात जगभरच्या बायकांनी आपापल्या घरी होतं ते डोक्यावर घेतलं. स्पेनमध्ये लेसचा मँटिला, गोव्यात पांढऱ्या सुती कापडाची वोल, आमच्या आजीकडे लुगड्याचा पदर. युरोपातल्या बायकांनी मात्र एक वाट शोधली. डोकं झाकायचंच आहे ना, मग झाकणारी वस्तू सुंदर का नको? ईस्टरची नवी टोपी ही तिकडची मोठी हौस झाली. नियम लपण्यासाठी होता, त्यांनी त्यातून मिरवणं काढलं. मला हे वाचून फार बरं वाटलं.

कुणी म्हणेल, पण हे सगळं तिकडचं. आपल्या फतेगंजला टोप्यांचं काय? आहे की. फतेगंज हा बडोद्याच्या जुन्या इंग्रजी छावणीचा भाग. १८२५ साली बिशप रेजिनल्ड हेबर बडोद्याला आले आणि त्यांनी इथल्या छावणीच्या चर्चचं पवित्रीकरण केलं. ती बॉनेटची फॅशन होती, त्यामुळे इथल्या बाकांवर बायकांच्या टोप्या दोनशे वर्षांपूर्वीच येऊन बसल्या असणार. आजही मुंबईत महालक्ष्मीला इंडियन डर्बी असते तेव्हा बायकांच्या मोठमोठ्या हॅटांचे फोटो पेपरात येतात. ती डर्बी पहिल्यांदा झाली १९४३ साली, आणि जिंकली कुणी? बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीने. मम्मीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "टोपी घोडीने घातली होती का?"

आमची खरी भीती वेगळी होती, आणि ती आम्ही दोघी बोलत नव्हतो. बडोद्यात आम्हाला नेहमी विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कशा काय बोलता?" घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, मिस्सा गुजराती नाहीतर इंग्रजी. हिंदी सिनेमातली ख्रिश्चन बाई म्हणजे फ्रॉक, हॅट आणि मोडकं हिंदी. ती हॅट आपणहून डोक्यावर घ्यायची, तीही साडीवर? मम्मीने जन्मात साडीशिवाय लग्नाला पाऊल टाकलेलं नाही. तेव्हा मी ठरवलं, की टोपीप्रमाणे मम्मीला बदलायचं नाही, मम्मीप्रमाणे टोपी करायची.

ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक वस्तू गाऊनसाठी केलेल्या होत्या आणि किमतीही जड होत्या. शेवटी आम्ही घरीच करायचं ठरवलं. परदेशात तळासाठी सिनामे वापरतात. फिलिपिन्समध्ये केळीच्या जातीचं एक झाड होतं, अबाका, त्याच्या धाग्याचं ते कापड. आम्ही मंगळ बाजारातून बकरम आणलं, शिंपी कॉलरला लावतात तेच. हाताच्या पंजाएवढा, साधारण चार इंचांचा गोल कापला, ओला करून वाटीवर दाबून वाळवला, म्हणजे त्याला डोक्याची गोलाई आली. त्यावर मम्मीच्या बाटली-हिरव्या साडीच्या ब्लाऊजपीसचं उरलेलं कापड ताणून शिवलं. रंग जुळवायची कटकटच मिटली. वर काळ्या जाळीच्या दोन चुण्या. पिसं मी आणली होती, ती मम्मीने परत पिशवीत टाकली. "लग्नात सगळे गळ्यात पडतात. कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

तिचं बरोबर होतं. निवडताना आरशापेक्षा प्रसंग बघावा, हे मला तिच्याकडून कळलं. ज्यांना कधी असं काही निवडावं लागेल त्यांच्यासाठी आम्हाला सापडलेल्या बाकीच्या गोष्टीही सांगते. परंपरेने ही टोपी उजव्या बाजूला, भुवईच्या वर झुकवून घालतात. साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे उजवीकडची टोपी तोल साधते. गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावर पदर घेणार असाल तर टोपी डावीकडे न्या, नाहीतर सगळा भार एकीकडे दिसतो. टोपी खांद्यांच्या रुंदीबाहेर जाऊ नये. टोपी मोठी तर कानातले छोटे. झुमके आणि जाळी एकमेकांत अडकतात. तेल लावलेल्या केसांवर क्लिप घसरते, म्हणून आदल्या दिवशी केस धुवावेत पण त्या दिवशी नाही. केस विरळ असतील तर कंगव्यापेक्षा केसांच्या रंगाचं बारीक इलॅस्टिक बरं, ते कानांमागून अंबाड्याखाली जातं आणि दिसत नाही. आणि घरात निदान दोन तास घालून कामं करून बघावीत. डोकं दुखलं तर कितीही सुंदर असो, ती टोपी आपली नाही.

मम्मीने ती घालून भाकऱ्या केल्या. बाजूच्या गुजराती काकी वाटी मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. "सरस लागे छे," म्हणाल्या. मम्मी लाजली. तिला लाजताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

त्याच आठवड्यात मी तिला इंदिराराजेंबद्दल सांगितलं. सयाजीराव महाराज तिसरे यांची मुलगी, १८९२चा जन्म. ग्वाल्हेरशी ठरलेलं लग्न स्वतः मोडून १९१३ साली त्यांनी कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. १९२२ साली नवरा गेला तेव्हा त्या तिशीच्या होत्या. त्यानंतर त्यांनी मुलाच्या वतीने राज्य सांभाळलं, युरोपभर फिरल्या, इटलीतल्या फेरागामोकडून बूट करून घेतले. शिफॉनच्या साड्यांची फॅशन भारतात रुजवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. विधवेने कसं दिसावं याचे नियम त्या काळी आजच्यापेक्षा कितीतरी कडक होते, आणि त्या बडोद्याच्याच होत्या. मम्मीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राणीला कोण बोलणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. नियम मोडायची किंमत सगळ्यांना सारखी नसते. म्हणूनच मला वाटतं की टोपीचा रस्ता मम्मीसाठी बरा होता. गजऱ्याला आपल्याकडे शंभर वर्षांचे नियम चिकटलेले आहेत: कुणी घालावा, कुणी नाही, कुणी कुणाला द्यावा. फॅसिनेटरला एकही नियम नाही, कारण तो इथे कालच आला. त्याला आडवं यायचं तर आधी कुणालातरी नवा नियम करावा लागेल.

लग्न वसईला झालं. चर्चमध्ये मम्मीने आजीसारखा पदर डोक्यावरून घेतला. मी काही बोलले नाही. तिथे तिला तेच हवं होतं. संध्याकाळी हॉलच्या मागच्या खोलीत तिने स्वतः टोपी काढून माझ्या हातात दिली आणि पाठ करून बसली. मी इलॅस्टिक अंबाड्याखाली सरकवलं, दोन आकडे लावले. हॉलमध्ये पंधरावीस बायका काहीबाही डोक्याला लावून फिरत होत्या. कुणाचं सरकत होतं, कुणाचं जेवणात लोंबत होतं. मम्मीचं जागचं हललं नाही. ती बहिणीबरोबर नाचलीसुद्धा.

परडीवाल्या बाई भेटल्याच. त्यांनी मम्मीच्या डोक्याकडे बघून विचारलं, "हे काय गं नवीन?"

मम्मी म्हणाली, "फूल नाही, टोपी आहे." आणि जेवायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मला ते उत्तर आवडलं आणि थोडं टोचलंही. 'फूल नाही' हे तिला सांगावं लागलं. ज्या वाडीत ती वाढली तिथला मोगरा तिला चालत नाही, आणि शिंप्याचं बकरम चालतं. ती टोपी आता फतेगंजच्या कपाटात बुटाच्या खोक्यात ठेवली आहे, पुढच्या लग्नासाठी. ते लग्न मे महिन्यात आहे, मोगऱ्याच्या दिवसांत. परडी या वेळी मी फिरवणार आहे.