चौथा कॅमेरा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पैशातलं सगळं कळतं, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. हल्ली तिच्यात भर पडली आहे. बँकेतल्या माणसाला कॅमेऱ्यातलंही कळतं म्हणे! कारण काय, तर तो दिवसभर कॅमेऱ्याखाली बसतो. या न्यायानं भांड्यांच्या दुकानात बसणाऱ्याला उत्तम स्वयंपाक यायला हवा. पण न्याय आणि नातेवाईक यांची गाठ क्वचितच पडते.

"दाजी, दुकानात चार कॅमेरे बसवायचेत. तुम्ही येऊन बघून द्या," असा मिरजेहून मेहुण्याचा फोन आला, तेव्हा मी चौथा शनिवार साधून गेलो. मेहुण्याचं किराणा दुकान पुढं बारा फूट, मागं तीस फूट. त्यात असतील नसतील ते सगळे जिन्नस, एक मांजर आणि काका. काका तिथे सव्वीस वर्षं आहेत. मांजर नंतरचं. दिवाळीनंतर मेहुण्यानं सहा महिन्यांचा माल ताडून पाहिला, तेव्हा साडेचार किलो काजू कमी भरले. म्हणून हा खटाटोप.

१९४२ साली जर्मनीत रॉकेटं उडताना लांबून, जीव सांभाळून पाहता यावीत म्हणून असा कॅमेरा लावला होता. तोच आता काजूच्या बरणीवर यायचा होता. विज्ञानाची प्रगती ती हीच.

कॅमेरे बसवणारा पोरगा चुणचुणीत होता. "दोन मेगापिक्सेल घेऊ की पाच?" हा प्रश्न त्यानं 'चहा घेणार की कॉफी' अशा सुरात विचारला. दोन मेगापिक्सेल म्हणजे आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८०. एवढ्या ठिपक्यांत कुठलाही चोर मावतो. प्रश्न असतो तो त्याचं तोंड ओळखण्याचा. रुंद भिंगाचा कॅमेरा सगळं दुकान दाखवतो, पण तीस फुटांवरचा माणूस शेंगदाण्याएवढा करून दाखवतो. म्हणून दाराचा कॅमेरा अरुंद नजरेचा आणि तोंडाच्या बेतानं लावलेला हवा. शिवाय दारात ऊन असलं, की आत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पडद्यावर काळं भूत होतं. ऊन आणि सावली दोन्ही सांभाळणारा कॅमेरा निराळा मिळतो. त्याच्यावर 'डब्ल्यूडीआर' असं लिहिलेलं असतं. दारासाठी तोच घ्यायला लावला.

मग आली डिस्क, आणि इथे माझी वाणिज्य शाखेची पदवी एकदाची कामाला आली. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला दोन मेगाबिट धरला, तर दिवसाला साडेएकवीस जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे शहाऐंशी. म्हणजे एक टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, आणि मग जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. २०१६ च्या नोटाबंदीत ८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबरचं चित्रण जपून ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना कळवलं होतं, तेव्हापासून हा हिशेब मला पाठ आहे. आमचा मेहुणा माल मोजणार सहा महिन्यांनी आणि डिस्क विसरणार अकरा दिवसांत! म्हटलं, "दोन टेराबाइटची घे, आणि माल पंधरा दिवसांनी मोजत जा." रेकॉर्डर गल्ल्याशेजारी न ठेवता माळ्यावर कुलपात ठेवायला लावला. नाहीतर चोर माल नेतो आणि जाता जाता पुरावाही नेतो.

दार, मांडणी आणि मागची खोली असे तीन कॅमेरे ठरले. चौथ्याची वेळ आली, तेव्हा पोरानं शिडी बरोबर काकांच्या डोक्यावर टेकवली. काका पुडी बांधत होते. दोरा हातात तसाच राहिला.

"लावा की मालक," काका म्हणाले. "आधी सांगितलं असतंत, तर दाढी करून आलो असतो."

वाक्य हसण्यासारखं होतं. पण हसलं कोणीच नाही. पोरगासुद्धा शिडीवर गप्प उभा राहिला.

मी मेहुण्याला मागच्या खोलीत नेलं. म्हटलं, "हे बघ, माझ्या डोक्यावर रोज कॅमेरा असतो. एकदा एक गृहस्थ पाचशेची नोट कमी दिली म्हणून काउंटरवर तासभर ओरडत होते. चित्र लावून पाहिलं, तर नोट त्यांच्याच पासबुकात सरकलेली. त्या दिवशी माझ्या बाजूनं तो एकटा कॅमेरा बोलला. पण तो मॅनेजरवरही आहे, तिजोरीच्या दारावरही आहे. माझ्या एकट्यावर असता, तर मी राजीनामा दिला असता. निदान लिहून खिशात तरी ठेवला असता."

मेहुणा बराच वेळ गुळाच्या ढेपेकडे पाहत राहिला. मग बाहेर आला आणि पोराला म्हणाला, "जरा डावीकडं घे. गल्ला दिसू दे, काका दिसू देत, आणि माझी खुर्चीपण दिसू दे." दारावर 'येथे कॅमेरे आहेत' अशी पाटी लागली. मागचं चित्र कसं लावायचं, ते काकांनाही शिकवलं.

नवव्या दिवशी वहिनींचा फोन आला. घरी मोबाइलवर दुकान दिसतं, हे त्यांना कळलं होतं. रोज दुपारी काका जेवायला गेले, की एक हात काजूच्या बरणीकडे जायचा. हात ओळखीचा होता. डॉक्टरांनी वजनासाठी ज्याचं खाणं मोजून दिलंय, त्याच माणसाचा. मी कागद घेतला. दिवसाला पंचवीस ग्रॅम, एकशे ऐंशी दिवस. साडेचार किलो. इतका स्वच्छ ताळमेळ बँकेतही क्वचित लागतो.

मेहुण्यानं हे काकांना स्वतः सांगितलं. कॅमेऱ्याला आवाज नाही, त्यामुळे शब्द कळत नाहीत. एवढंच दिसतं, की मेहुणा मान खाली घालून काहीतरी बोलतोय, आणि काका बरणीचं झाकण उघडून त्याच्यापुढं चार काजू ठेवताहेत.

तेवीस दिवसांनी तेही पुसलं गेलं. वहीत मात्र साडेचार किलो मी मालकाच्या उचल खात्यावर नावे टाकायला लावले.