चंद्र शिकवताना मी केलेल्या चुका

ग्रह मोठा असतो आणि चंद्र लहान असतो, असं मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना वर्षानुवर्षं सांगत आले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, उत्तरपत्रिकेत लिहिलं आणि मी त्याचे गुणही दिले. ते वाक्य चूक आहे. गुरूभोवती फिरणाऱ्या गॅनिमिडचा व्यास ५२६८ किलोमीटर आहे, बुधाचा ४८७९. शनीचा टायटन ५१५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तोही बुधापेक्षा मोठाच. हे आकडे माझ्याच कपाटातल्या पुस्तकात होते. ग्रहांचा तक्ता एका पानावर आणि उपग्रहांचा पुढे कुठेतरी. दोन्ही शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते.

पाहिले ते नववीतल्या एका मुलीने. "बाई, गॅनिमिड बुधापेक्षा मोठा आहे, मग त्याला ग्रह का नाही म्हणायचं?" तिला मी जे उत्तर दिलं ती माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा वाईट, कारण ती मी स्वतःला सावरण्यासाठी केली. व्यासावर जाऊ नकोस, वस्तुमान बघ, असं मी म्हणाले. बुध गॅनिमिडच्या दुपटीहून जड आहे. आकडा खरा होता. बुधाच्या पोटात लोखंडाचा प्रचंड गाभा आहे आणि गॅनिमिडमध्ये जवळजवळ निम्मं बर्फ. पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. गॅनिमिड बुधापेक्षा जड असता तरी तो चंद्रच राहिला असता, कारण तो गुरूभोवती फिरतो. मुलगी खाली बसली आणि तिला पटलं असं मी गृहीत धरलं.

मोजमाप सोडायला मी तयारच नव्हते. व्यास गेला, वस्तुमान गेलं, तेव्हा मी वातावरण धरलं: ग्रहावर हवा असते, ऋतू असतात, चंद्र ओसाड असतो. आपल्या एका चंद्रावरून मी साऱ्या चंद्रांविषयी बोलत होते. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान टायटनवर उतरलं आणि खाली उतरताना त्याने काढलेल्या छायाचित्रांत प्रवाहांनी कोरलेले ओघळ दिसले. टायटनवर नायट्रोजनचं दाट वातावरण आहे, पृष्ठभागावरचा दाब आपल्या समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या साधारण दीडपट, आणि ध्रुवांकडे द्रव मिथेनची सरोवरं. बुधावर नाव घेण्याजोगं वातावरण नाही. बातम्या मी वाचल्या होत्या, वर्गात कौतुकाने सांगितल्याही होत्या. पण माझ्या वाक्याला त्यांनी छेद दिला आहे हे मनात आलं नाही.

ज्या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटतं ती मात्र शब्दांतली नाही, चित्रातली आहे. फळ्यावर मध्ये सूर्य, त्याभोवती पृथ्वीची कक्षा आणि त्या कक्षेवर गुंडाळत गेलेली चंद्राची वेटोळी, असं चित्र मी दरवर्षी काढायचे. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आणि पृथ्वी सूर्याभोवती, तर चंद्राची वाट अशीच असणार, असं कोणालाही वाटेल. एका वर्षी ते चित्र शाळेच्या मैदानावर मापात काढायचं ठरवलं. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, चंद्र पृथ्वीपासून ३ लाख ८४ हजार. म्हणजे प्रमाण जवळपास ३९० ला एक. ध्वजस्तंभ हा सूर्य मानला आणि ३९ मीटर सुतळी धरून फक्कीने वर्तुळ काढलं, तर चंद्र त्या रेषेपासून फार तर १० सेंटिमीटर आत किंवा बाहेर जाणार. वर्षाच्या साडेबारा फेऱ्या धरल्या तर जवळजवळ २० मीटर चालल्यावर एक फेरी पुरी होते. मुलं फक्कीचं डबडं घेऊन उभी होती आणि वेटोळं काढायला मैदानावर जागाच नव्हती.

घरी आल्यावर वेगांचं साधं गणित केलं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते. चंद्राचा पृथ्वीभोवतीचा वेग सेकंदाला जेमतेम १ किलोमीटर. वेटोळं पडायचं तर चंद्राला मधूनमधून उलट जावं लागेल. पण सगळ्यात मंद असतानाही तो २९ च्या वेगाने पुढेच जात असतो. अमावास्येला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये येतो आणि पृथ्वी त्याला सूर्यापासून दूर ओढते, तेव्हा तरी त्याची वाट बाहेरच्या बाजूला वाकत असेल असं वाटलं. तीही वाकत नाही. चंद्रावरची सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे त्याची वाट सतत सूर्याकडेच वळलेली राहते. आयझॅक असिमोव्हने याच आधारावर पृथ्वी आणि चंद्र यांना जोडग्रह म्हणावं असा युक्तिवाद केला होता. वेटोळी खरी आहेत, पण ती गुरूच्या आयोची. आयो गुरूभोवती सेकंदाला १७ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो आणि गुरू स्वतः १३ ने, म्हणून आयो खरोखर मागे जातो. मी आमच्या चंद्राच्या नावावर भलत्याच चंद्राचं चित्र काढत होते.

मग सूर्य चंद्राला ओढून का नेत नाही? हा प्रश्न मुलांआधी मलाच पडला आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत चंद्र म्हणजे काय हे मला कळलं नव्हतं असं आज म्हणता येईल. सूर्य दोघांनाही जवळजवळ सारखंच ओढतो. धावत्या एसटीत आईशेजारी बसलेलं मूल मागे राहत नाही, कारण गाडी दोघांनाही नेत असते. फरक पडतो तो दोघांवरच्या ओढीतल्या तफावतीने, आणि ती जवळच्या अंतरावर फार थोडी असते. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरपर्यंत पृथ्वीची सत्ता चालते. त्यापलीकडे गेलेली वस्तू सूर्याची. आपला चंद्र त्या हद्दीत चांगलाच आत आहे. त्याचं चंद्रपण त्याच्या अंगात नाही, तो कोणाच्या हद्दीत फिरतो यात आहे.

इतकं समजल्यावर तरी माझ्या चुका थांबायला हव्या होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची बैठक झाली तेव्हा ग्रहाच्या व्याख्येच्या १६ तारखेच्या मसुद्यात एक नियम होता: जोडीचा गुरुत्वमध्य मोठ्या गोलाच्या बाहेर पडत असेल तर धाकट्याला चंद्र म्हणायचं नाही. प्लूटो आणि शॅरन यांचा गुरुत्वमध्य दोघांच्या मधल्या पोकळीत पडतो, म्हणून शॅरनला ग्रह मानायचं घाटत होतं. मी वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ठेवलं आणि पुढे तोच नियम शिकवत राहिले. २४ ऑगस्टला मंजूर झालेल्या ठरावात तो नव्हता. आणि नियम म्हणूनही तो टिकण्यासारखा नाही. सूर्य आणि गुरू यांचा गुरुत्वमध्य सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो. त्यावरून गुरूला कोणी ग्रहांतून काढत नाही. आपला चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे. आज पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ४७०० किलोमीटरवर असलेला गुरुत्वमध्यही त्याबरोबर बाहेर सरकतो आहे. तो कधीकाळी पृष्ठभागाबाहेर आला, तर त्या दिवशी चंद्राला ग्रह म्हणायचं का?

त्याच ठरावाबद्दल मुलांना आणखी एक चुकीचं सांगितलं: प्लूटो लहान म्हणून वगळला. प्लूटो वगळला गेला तो आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला नाही म्हणून. इथेही मी पुन्हा आकारावरच गेले होते.

हे सगळं नेपच्यूनच्या ट्रायटनने मला स्वच्छ दाखवलं. विल्यम लॅसलने तो १८४६ साली, नेपच्यून सापडल्यावर अवघ्या १७ दिवसांनी शोधला. त्याचा व्यास सुमारे २७०० किलोमीटर, प्लूटोचा २३७७. तो नेपच्यूनच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे तो तिथे जन्मलेला नसावा. प्लूटोसारखाच सूर्याभोवती स्वतंत्र फिरत असताना बहुधा नेपच्यूनच्या तावडीत सापडला, असं खगोलशास्त्रज्ञ मानतात. तसं असेल तर आज जो चंद्र आहे तो त्याआधी बटुग्रह म्हणून गणला गेला असता.

ग्रहाची व्याख्या २००६ साली झाली. चंद्राची अजून झालेली नाही. शनीच्या चंद्रांची संख्या मार्च २०२५ मध्ये २७४ झाली आणि त्यांतले बरेचसे काही किलोमीटरचे खडक आहेत, गोलसुद्धा नाहीत. आता मी मुलांना आधी एकच गोष्ट विचारायला सांगते: ही वस्तू कोणाभोवती फिरते? उत्तर 'ग्रहाभोवती' असेल तर ती कितीही मोठी असो, चंद्र. उत्तर 'सूर्याभोवती' असेल तरच ती गोल आहे का आणि तिने आपली वाट मोकळी केली आहे का, हे प्रश्न येतात.

विज्ञान शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की ग्रह आणि उपग्रह यांचे तक्ते एकत्र शिकवावेत आणि चंद्राची वाट एकदा तरी मैदानावर मापात काढून घ्यावी. माझ्या वर्गात बसलेल्या कोणाच्या वहीत ती वेटोळी अजून असतील तर ती चुकीची आहेत. ती खोडून तिथे सूर्याभोवती एक साधं वर्तुळ काढावं.