रुसलेला संगणक बोलला

कर्मिट कोण, ठाऊक आहे? 'मपेट शो' या दूरदर्शन मालिकेतला हिरवागार बेडूक! पण याच नावाचा एक संगणक-प्रोग्रॅमही आहे, बरं का. १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तो तयार झाला आणि त्याला नाव मिळालं ते या बेडकाचं. एका तारेवरून दोन संगणकांची गाठ घालून देणं हे त्याचं काम. आमच्या शाळेवर या बेडकाचे मोठे उपकार आहेत.

त्याचं असं झालं. शाळेतला डॉसवर चालणारा जुना संगणक २०२३ च्या पावसाळ्यात रुसला. सुरू केला की एक लांब आणि दोन आखूड 'बीप', आणि पडदा काळाच. चित्र दाखवणारं कार्ड गेलं होतं. त्याची हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपला जोडायची सोय आमच्याकडे नव्हती. "भंगारात द्या," दुरुस्तीवाला म्हणाला. द्या कसं? २००९ ते २०१९ अशा अकरा पावसाळ्यांत मुलांनी रोज सकाळी पर्जन्यमापक वाचून घेतलेल्या नोंदी त्यात होत्या. मूळ वह्या तर वाळवीनं केव्हाच फस्त केलेल्या.

डॉसमध्ये 'सीटीटीवाय' अशी एक आज्ञा आहे. ती दिली की संगणक स्वतःच्या कीबोर्डाकडे आणि पडद्याकडे पाठ फिरवतो आणि मागच्या सीरियल पोर्टला लावलेल्या तारेचंच ऐकतो. मात्र ही तार सरळ चालत नाही. फोनवर कसं, माझं तोंड तुमच्या कानाशी लागतं ना? तशी इकडची 'पाठवणारी' पिन तिकडच्या 'घेणाऱ्या' पिनेला जोडावी लागते. लॅपटॉपला असं पोर्टच नव्हतं, म्हणून यूएसबीचं छोटं अडॅप्टर आणलं.

चौथीतली एक मुलगी काळ्या पडद्यासमोर बसली. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत तिनं आधी वेग ठरवणारी आज्ञा टाइप केली, मग सीटीटीवाय. काही चुकलं असतं तरी दिसणार नव्हतं! एंटर दाबलं, आणि लॅपटॉपवर डॉसची ओळखीची खूण उमटली. असा गलका झाला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले.

"बाई, मग कुणीही तार लावून आपला संगणक चालवेल?" एकानं विचारलं. प्रश्न अगदी रास्त. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, ते निदान दिसतं. 'बँकेतून बोलतोय, हे अॅप घ्या' म्हणणारा कुठं दिसतो? त्याला होकार दिला, की आपला पडदा त्याच्यापुढे उघडा! मुलांनी घरी आजी-आजोबांना हे बजावल्याचं मला पालकसभेत कळलं.

मग लॅपटॉपवरूनच नोंदींची फाइल दाखवायची आज्ञा दिली. कर्मिट सगळं टिपून घेत होता. वेग ९६०० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. कारण एका अक्षरामागे १० बिट खर्च होतात. ८० गुणिले २५ अक्षरांचा पडदा भरायला दोन सेकंदांहून थोडा जास्तच वेळ. तारखा आणि मिलिमीटर भराभर वर सरकत होते.

"थांबवा, थांबवा!" मागच्या बाकावरून एकजण ओरडला. "माझ्या ताईचं साल आलं!"