गोष्टीकडून कागदाकडे

महाराष्ट्रातल्या मुलाची इतिहासाशी पहिली खरी गाठ पडते ती चौथीच्या वर्गात, आणि ही गाठ किती शुभ मुहूर्तावर पडते याचा विचार आपण शिक्षकमंडळी पुरेसा करीत नाही. नवव्या-दहाव्या वर्षी, ज्या वयात मन श्रद्धेच्या सर्वस्वी स्वाधीन होऊ शकते आणि तसे होण्यात त्याला यत्किंचितही संकोच वाटत नाही, अशा वयात त्याच्या हाती शिवछत्रपतींचे चरित्र येते. घोडखिंडीत बाजीप्रभू विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहत उभे असतात तेव्हा सबंध वर्ग त्यांच्याबरोबर कान देऊन बसलेला असतो, आणि तानाजी पडल्याचा भाग मोठ्याने वाचताना एखाद्याचा गळा दाटून आला तर त्याला कोणी हसत नाही. पुढे सहावीत प्राचीन भारत होऊन गेल्यावर सातवीत तोच काळ पुन्हा समोर येतो. माणसे तीच, गड तेच, परंतु आता ती सारी ‘तक्ता पूर्ण करा’, ‘जोड्या लावा’, ‘कारणे द्या’ अशा वेषात येतात; आणि ज्यांच्या हातून तीन वर्षांपूर्वी पुस्तक सुटत नव्हते, तीच मुले अष्टप्रधानांची नावे आणि खाती घोकताना खिडकीबाहेर पाहू लागतात.

या अरुचीचे खापर सनावळीवर फोडण्याचा प्रघात आहे. मला तो मान्य नाही. बारा वर्षांच्या मुलाला आकड्यांचे वावडे मुळीच नसते; आपल्या आवडत्या क्रिकेटपटूने कोणत्या सामन्यात किती धावा काढल्या हे तो झोपेतून उठवले तरी बिनचूक सांगतो. माझे निदान निराळे आहे. चौथीच्या पुस्तकाला एक आवाज असतो, कोणी वडीलधारे माणूस जवळ बसवून सांगते आहे असा भास त्यात होतो. सातवीत हा सांगणारा निघून जातो, आणि त्याच्या जागी जो साक्षीदार यायला हवा तो मात्र येत नाही. उरते ती विधानांची रांग, जी कोणी पाहिलेली नाहीत, कोणी लिहून ठेवलेली नाहीत, आणि ज्यांच्याबद्दल कोणाला काही विचारण्याची सोयही नाही. नेमक्या याच वयात मुलाच्या तोंडी ‘कशावरून?’ हा प्रश्न प्रथम येऊ लागतो. घरी तो उद्धटपणात जमा होतो. निदान इतिहासाच्या तासाला तरी त्याला पाट मांडून बसवले पाहिजे, कारण सगळी इतिहासविद्या त्या एका प्रश्नावर उभी आहे. आणि चौथीतली भक्ती सातवीत टिकवायची असेल तर तिला या प्रश्नाच्या भेटीला नेण्यावाचून अन्य मार्ग नाही, असे माझे अनेक वर्षांच्या अध्यापनानंतरचे ठाम मत झाले आहे.

म्हणून मी सातवीच्या वर्गात शिवकालाचा आरंभ लढाईने किंवा वंशावळीने न करता एका पत्राने करतो. राज्याभिषेकापूर्वी महाराजांनी चिपळूणनजीक छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेले हे पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे; मुलांना ते क्वचितच कोणी सबंध वाचून दाखवते. पत्राचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ, दाणा आणि वैरण. पावसाळ्यापुरता म्हणून केलेला साठा आताच वाटेल तसा उडवाल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही गावोगाव फिरून कोणा कुणब्याचा दाणा, कोणाची भाकर, कोणाचे गवत, कोणाची भाजी उचलून आणाल, तर जी रयत कशीबशी जीव धरून राहिली आहे तीही परागंदा होईल, आणि मोगल मुलखात आला त्याहूनही तुम्ही अधिक, असे तिला वाटेल. तेव्हा जे हवे ते बाजारातून रोख मोल देऊन आणावे. इथपर्यंत मुले शांतपणे ऐकतात. नंतर पत्र आगीकडे वळते. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, कोणी दिवा तसाच जळत ठेवून निजेल, आणि एखादा उंदीर ती जळती वात तोंडात धरून नेईल. त्यातून आग लागली म्हणजे साऱ्या गंजी जळून जातील, आणि मग कोणाला कितीही शासन केले तरी घोड्यांपुढे टाकायला काडी मिळणार नाही.

या उंदरापाशी वर्ग जागा होतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे. एका वर्षी एका मुलाने विचारले, “गुरुजी, महाराजांना उंदीर कसा सुचला?” मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, “त्यांनी कधीतरी पाह्यलं असणार.” त्यावर एक मुलगी उठून म्हणाली की, कडब्याची गंज रचलेली असते त्या दिवसांत तिची आजी गोठ्याकडे दिवा नेऊच देत नाही, अंधारातच धारा काढायला लावते. मी फळ्याकडे पाठ करून उभा होतो आणि ती तिघे आपसात बोलत होती; सिंहासनाधिष्ठित, छत्रचामरयुक्त अशी जी मूर्ती त्यांनी भिंतीवरच्या चित्रात पाहिली होती, तिला गवताच्या गंजीची आणि आजीच्या गोठ्याची काळजी ठाऊक होती, हे त्यांचे त्यांनाच उमगत होते. ज्याला शेतकऱ्याच्या भाजीच्या देठाचा हिशेब ठेवावासा वाटला तो राजा त्यांना लहान वाटला असेल, असे ज्यांना भय वाटते त्यांनी एकदा हे पत्र घेऊन वर्गात जावे. पुराव्याने श्रद्धा उणावत नाही, फक्त तिला पाय फुटतात आणि ती जमिनीवर चालू लागते.

पत्राबरोबर मी मोडी लिपीचा एखादा छापील नमुनाही नेतो. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवीत जायचे, हा मोडीचा शिरस्ता मुलांना मोठा आवडतो. घटकाभरात प्रत्येकाला स्वतःचे नाव मोडीत लिहायचे असते. मूळ मजकुरात फारसी शब्दांची केवढी गर्दी आहे, आणि महाराजांची मुद्रा मात्र संस्कृतात आहे, हे त्यांना दाखवले की सतराव्या शतकातला कारकून किती भाषांच्या सरहद्दीवर बसून लिहीत होता, याची काही कल्पना त्यांना येते.

परंतु राजाचे पत्र हे शेवटी राजाचेच. गावाचा कागद पाहिल्यावाचून मुलांना इतिहासात स्वतःची जागा सापडत नाही, आणि त्या कामी महजरासारखे साधन नाही. वतनाचा तंटा पडला, फिर्याद झाली, म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांच्या समक्ष साक्षीपुरावे होत आणि निवाड्याचा जो कागद होई त्यावर हजर असलेल्यांची नावे पडत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाच्या नावापुढे नांगर असे, न्हाव्याच्या नावापुढे आरसा असे. फळ्यावर अशा निशाण्या काढून ‘हा कोण असेल?’ एवढेच विचारले की मुले त्यात रमून जातात, आणि रमता रमता अशा ठिकाणी पोहोचतात जिथे त्यांना नेण्याचे धाडस पाठ्यपुस्तक सहसा करीत नाही. गावच्या निवाड्यात लोहार-सुतारांचीही साक्ष लागत होती, हे समजल्यावर ज्यांच्या घराण्यात कोणी सरदार-दरकदार झाला नाही ती मुले ताठ बसतात. आणि तीच निशाणी त्या माणसाला त्याच्या जन्मधंद्याशी बांधून टाकणारीही होती, त्याच्या मुलाला दुसरी निशाणी निवडण्याची मुभा नव्हती, हे सांगितले की वर्ग गंभीर होतो. ‘यात एकही बाई कशी नाही?’ हा प्रश्न बहुधा मुलींच्या बाकावरून येतो. तो आला की मी त्या दिवशीचा पुढचा पाठ बाजूला ठेवतो. कागद जे बोलतो ते ऐकण्याइतकेच, कागदाने ज्यांना बोलू दिले नाही त्यांची आठवण ठेवणे हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे, आणि बाराव्या वर्षी ज्याला ही आठवण झाली तो पुढे कोणाच्याही शब्दजालात सहजासहजी सापडणार नाही.

कालाचे भान हा याच विषयाचा एक उपांग म्हणावा असा भाग. मुलांच्या मनात अशोक आणि शिवाजी महाराज हे जणू शेजारी असतात, कारण सहावीचे आणि सातवीचे पुस्तक दप्तरात एकावर एक असते. शाळेच्या व्हरांड्यात सुतळी ताणून शतकाला एक हात या मापाने गाठी मारल्या की आपल्यापासून 1674 चा राज्याभिषेक साडेतीन हातांवर आणि तिथून अशोक मात्र एकोणीस हातांहून लांब, हे डोळ्यांना दिसते. त्या दूरच्या गाठीपाशी उभे राहून, याच अशोकाच्या आज्ञेचा एक शिलाखंड 1882 साली भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्याला सापडला, एवढे सांगावे. पाटलिपुत्र एकदम जवळ येते.

आता जन्मतिथीच्या वादाविषयी, ज्याला पुष्कळ शिक्षक वर्गात हात लावायला कचरतात. जुन्या बखरींच्या आधारे शके 1549 ची वैशाख शुद्ध द्वितीया ही महाराजांची जन्मतिथी म्हणून दीर्घकाळ मानली जात होती. भोरनजीकच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या संग्रहातली शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली उजेडात आणली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद निघाली. परमानंदाच्या शिवभारतानेही तीच तिथी दिली आहे, आणि त्या तिथीची कुंडली राजस्थानातल्या जुन्या संग्रहातही आढळली. विद्वानांत वर्षानुवर्षे खल झाला आणि अखेर 2001 साली महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख अधिकृतपणे स्वीकारली. हा सारा वृत्तांत मी मुलांना एखाद्या खटल्याप्रमाणे सांगतो. बखरकार प्रसंगानंतर किती वर्षांनी लिहीत होता, शकावली लिहिणाऱ्याला खोटे लिहून काय मिळणार होते, एकमेकांना न पाहिलेले तीन साक्षीदार एकच तिथी सांगत असतील तर त्याचा अर्थ काय घ्यावा, हे प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवतो आणि निवाडा त्यांच्याकडून घेतो. ‘मग आधीचे लोक खोटं बोलत होते का?’ असे एखादे मूल व्यथित होऊन विचारते. नाही, त्यांच्यापाशी जेवढे कागद होते तेवढ्यावरून त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पुढे अधिक चांगला कागद मिळाला आणि पुढच्यांनी प्रामाणिकपणे मत बदलले. मत बदलणे यात अप्रतिष्ठा नाही, हे ज्ञान मुलांना महाराष्ट्राच्या परमदैवताच्या जन्मतिथीवरूनच मिळावे, याहून मोठा योग कोणता?

कागदाचे हे वेड आमच्या परंपरेला नवे नाही. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले रुमाल सोडवून घेत हिंडले, 1898 साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. गोविंद सखाराम सरदेसायांची कथा तर आम्हा शिक्षकांना विशेष जवळची. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी असता राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी त्यांनी जी टिपणे काढली, त्यांतून ‘रियासत’ या प्रचंड ग्रंथमालेचा उगम झाला. मराठीतला एवढा मोठा इतिहासग्रंथ मुलांना समजावून सांगण्याच्या गरजेतून जन्मला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. विशेष म्हणजे त्याच सरदेसायांनी पुढे पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. मुलांसाठी लिहिणारा माणूस आणि दफ्तर चाळणारा माणूस त्यांच्या ठायी एकच होता. आज मात्र या दोघांची एकमेकांशी ओळखही राहिलेली नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. तासिका आखूड, घटक पुष्कळ, आणि भाग संपला की नाही हे पाहणारे डोळे सदैव पाठीशी. एका पत्रावर चार तास घालवले तर मोगल केव्हा शिकवायचे आणि विजयनगर केव्हा? माझे उत्तर असे की, ज्याने एक कागद नीट वाचायला घेतला त्याला उरलेला भाग पुस्तकातून स्वतः वाचता येतो, आणि ज्याने एकही वाचला नाही त्याला सारा भाग संपवूनही काही येत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: एवढ्याशा मुलांच्या मनात संशय पेरावा का? परंतु संशय मुलांच्या मनात कोणी पेरावा लागत नाही, तो वयाबरोबर येतोच. आणि शाळेने त्याला वळण लावले नाही तर तो रस्त्यावरून आलेल्या कोणत्याही अफवेच्या हाती लागतो, भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या बनावट मजकुराला इतिहास मानतो आणि त्यावरून शेजाऱ्याशी वैर धरतो. हे मी माझ्याच माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्याचे दुःख मला आजही होते.

शिक्षकाने एकट्याने करण्याजोगे जे आहे ते पुष्कळ जण निष्ठेने करीतही असतात. पण परीक्षा बदलल्यावाचून वर्ग बदलत नाही, हा आपल्याकडचा रोकडा व्यवहार आहे. तेव्हा माझी मागणी अगदी माफक आहे. सातवी-आठवीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत, चार गुणांचा का होईना, एक प्रश्न असा असावा की ज्यात मुलांनी पूर्वी न पाहिलेला एखादा छोटा जुना कागद, सोप्या मराठीत उतरवून, छापलेला असेल, आणि त्याखाली तीनच उपप्रश्न असतील: हा कोणी कोणाला कशासाठी लिहिला, यावरून काय निश्चित कळते, आणि काय कळत नाही. तिसऱ्या उपप्रश्नाचे छापील आदर्श उत्तर परीक्षकाला देऊ नये. मुलाने जे कळत नाही म्हणून लिहिले असेल त्याचे कारण दिले असले की त्याला पूर्ण गुण द्यावेत.