सायकलचा भूतकाळ

सायकलवर दोन मिनिटं बोल म्हटलं की आमच्या जालन्याची पोरं पर्यावरणावर बोलतात. ‘सायकलिंग इज ॲन इको-फ्रेंडली मोड ऑफ ट्रान्सपोर्ट’ या वाक्याला गाडी सुटते आणि कार्बन, लठ्ठपणा, इंधनबचत अशी स्टेशनं घेत थांबते. बोलणाऱ्याने सायकलवर कधी टांग टाकली होती की नाही, याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

मेलबर्नमधली माझी रविवार दुपार अशी वाक्यं ऐकण्यात जाते. तेव्हा तिकडे सकाळ असते. भाचीने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा मी तिचा सराव घेतला. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे भाऊ आले. अंबड, मंठा, परतूर, घनसावंगी असे एकेक तालुके व्हिडिओ कॉलवर हजेरी लावून गेले. सगळ्यांचा मी मामा.

त्यातली बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. आधी घर, गाव, सवयी असं किरकोळ. मग एक कार्ड हातात देतात. विचाराला १ मिनिट, कागद-पेन्सिल, आणि नंतर जास्तीत जास्त २ मिनिटं एकट्याने बोलायचं. शेवटी त्याच विषयावर चर्चा. गुण चार गोष्टींना सारखे: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. म्हणजे व्याकरणाचा वाटा पावच, पण पोरांचा सगळा जीव त्या पावात अडकलेला. त्यांचा दोष नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं; पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली गेली. इंग्रजी म्हणजे वहीत लिहायची गोष्ट आणि चुकलं की लाल शाई. चुकण्यापेक्षा पाठ केलेलं बरं, ही सवय अशी मुरली. परीक्षक मात्र पाठ केलेलं बरोबर ओळखतो, आणि चूक कुणाचीच दुरुस्त करत नाही. चेहऱ्यावरची रेष न हलवता पुढचा प्रश्न विचारतो.

घनसावंगी तालुक्यातली एक मुलगी नर्सिंग करून इकडे यायच्या तयारीत होती. तिला बोलण्यात सात बँड हवे होते. तिचंही कार्बनचं रडगाणं झालं. मी मराठीत विचारलं, “तुझी स्वतःची सायकल कोणती होती गं?”

“मानव विकासची ना मामा.”

मानव विकास कार्यक्रम २००६ मध्ये राज्यातल्या मागे पडलेल्या १२ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात जालना होतं. पुढे त्यातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळू लागल्या. त्या सायकलीबद्दल ती न थांबता बोलत सुटली. “शाळा चार किलोमीटर. पाऊस झाला की काळी माती मडगार्डात बसायची, चाक फिरायचंच नाही. मग काडीनं उकरायचो. नाहीच निघाली तर सायकल उचलून चालायचं. शेवटी पप्पांनी मडगार्डच काढून टाकले. मग पाठीवर चिखलाची रेघ, अन् ड्रेस पांढरा!”

म्हटलं, हेच इंग्रजीत सांग. “ब्लॅक सॉईल इज स्टिकिंग इन मडगार्ड. व्हील इज नॉट मूव्हिंग. वुई आर लिफ्टिंग सायकल.” आपण सगळे सुरुवातीला असेच ‘इज’ आणि ‘इंग’च्या आधाराने उभे राहतो. मी फक्त क्रियापदांना हात लावला: द ब्लॅक सॉईल यूज्ड टू स्टिक, द व्हील वुड नॉट मूव्ह, वुई कॅरीड द सायकल. बाकी सगळं तिचंच ठेवलं.

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “पण मामा, हे सांगायचं का? गरिबीचं नाही वाटणार?”

शंका खरी होती. जालन्यात सायकल सुटते तेव्हा माणूस वर आला असं धरतात. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलला सायकलवर जाणाऱ्याने हप्त्यावर स्प्लेंडर घेतली की घरी पेढे येतात. इथे उलटं. आमच्या ऑफिसातला तगड्या पगाराचा माणूस गाडी घरी ठेवून यारा नदीच्या काठाने सायकल हाणत येतो आणि तळघरात अंघोळ करून मीटिंगला बसतो. त्याच्या सायकलच्या किमतीत आपल्याकडे दोन स्प्लेंडर येतील. हेल्मेट त्यालाही सक्तीचं. १९९० मध्ये असा कायदा करणारं आमचं व्हिक्टोरिया राज्य जगात पहिलं. चाक इथेही अडकतं, पण ट्रामच्या रुळांत. परीक्षेतल्या चर्चेचा ‘लोकांनी सायकल जास्त वापरावी का?’ हा प्रश्न अशा शहरात सुचतो, जिथे गाडी दारात असते. मग आमची मुलगी समोरच्याला आवडेल ते उत्तर शोधते.

तिला मी व्याकरणाच्याच बाजूने समजावलं. कार्बनच्या वाक्यांना साधा वर्तमानकाळ पुरतो. त्यात चूकही कमी आणि गुणही कमी, कारण परीक्षक अचूकपणाबरोबर वाक्यांची विविधताही बघतो. स्वतःची हकीकत सांगायची तर भूतकाळ लागतो, जर-तर लागतं. “सायकल मिळाली नसती तर मी आठवीनंतर घरी बसले असते.” हे वाक्य इंग्रजीत नेताना तिला ‘इफ आय हॅड नॉट गॉट’पर्यंत जावंच लागलं. क्लासच्या वहीत ते रूप कितीदा लिहूनही तिच्या तोंडात आलं नव्हतं. मग तिनेच पुढे जोडलं, की आता त्याच रस्त्यावर वाळूचे हायवा धावतात, म्हणून धाकटीला आई सायकलवर पाठवत नाही. लोकांनी सायकल वापरावी का, याचं इतकं नेमकं उत्तर मी मेलबर्नमध्येही ऐकलेलं नाही.

हल्ली माझा नियम आहे: आधी मराठीत बोलायचं, पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून. नियम पाळतं कोण? परवा बदनापूरकडच्या एका पोराला आवडत्या फळाबद्दल विचारलं, तर सुरुवात झाली, “फ्रूट्स आर रिच इन व्हिटॅमिन्स.” याच्या घरी मोसंबीची बाग. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालून बापाने अर्धी झाडं कशीबशी जगवलेली. म्हटलं, बाबा रे, व्हिटॅमिन राहू दे, टँकरपासून सुरू कर.