रिकामी चढाई

हरणाऱ्या संघावर लोभ ठेवणें मुळींच अवघड नाहीं. जीव तोडून खेळलेले गडी पराभूत होऊन मैदानाबाहेर येतात, तेव्हां प्रेक्षकाच्या मनांत हळहळ असते, कडवटपणा नसतो. अवघड आहे तें, अंगांत जिंकण्याचें बळ असून तें पेटींत कुलुपबंद ठेवणाऱ्या संघावर लोभ ठेवणें. गेलीं सात-आठ वर्षें मी अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या कबड्डी-संघाचा असा निष्ठावंत प्रेक्षक आहें. महाविद्यालयाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्याच्यासारखीं दुसरीं पुष्कळ असतील, आणि माझें गाऱ्हाणें एका संस्थेपेक्षां एका वृत्तीविषयीं अधिक आहे.

मी राहणारा बडनेऱ्याचा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला तो आमच्या गांवावरून. अमरावती शहर बाजूस राहिलें आणि पुढें त्यास शाखा जोडावी लागली. तेव्हांपासून आमच्या फलाटावर गाडीची वाट पाहण्यांत पिढ्या गेल्या. धीर धरण्याचें शिक्षण बडनेरेकरास निराळें द्यावें लागत नाहीं. परंतु वाट पाहण्यालाही कांहीं हेतु असतो. गाडी फलाटास लागली म्हणजे माणूस उठतो, वळकटी उचलतो आणि आंत शिरतो. आमच्या संघाची तऱ्हा अशी, कीं गाडी आली, थांबली, शिट्टी झाली, तरी ही मंडळी आपलीं बांकावर बसलेलींच!

ज्या वाचकांनीं शाळा सोडल्यापासून हुतूतूचा खेळ पाहिलेला नाहीं, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. चढाई करणाऱ्या गड्यानें दम धरून मध्यरेषा ओलांडावयाची, समोरच्या सातांपैकीं कोणास तरी शिवावयाचें आणि दम न सोडतां आपल्या अंगणांत परत यावयाचें. त्यासाठीं त्यास तीस सेकंद मिळतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा असते. कोणास शिवलें नाहीं तरी ही रेषा एकदां ओलांडली कीं चढाई नियमास धरून झाली. गडी सुखरूप परतला तर गुण यांनाही नाहीं आणि त्यांनाही नाहीं. हिलाच रिकामी चढाई म्हणतात. आमच्या संघानें या एवढ्या तरतुदीवर आपला सारा संसार थाटला आहे.

आमचा गडी मध्यरेषेस हात लावून नमस्कार करतो आणि आंत जातो. निदानरेषेपलीकडे एक पाय टाकतो. उजवीकडे हात हलवितो, डावीकडे हात हलवितो, आणि वेळ भरत आली कीं, उसने पैसे परत मागण्यास गेलेल्या भिडस्त माणसानें नुसता चहा घेऊन परत यावें, तसा परत येतो. वऱ्हाडी प्रेक्षकाच्या जिभेला हाड नसतें. ‘अबे, शिव ना बे कोणाले तरी!’ ‘पाहुणपणाले गेला होता काय बे?’ असे पुकारे चोहोंकडून उठतात. गडी खालीं मान घालून आपल्या जागीं उभा राहतो. आणि दीड-दोन मिनिटांनीं तोच प्रयोग, त्याच नेपथ्यासह, पुन्हां होतो.

हिशेबच मांडावयाचा तर असा मांडावा. सामना चाळीस मिनिटांचा. प्रत्येक चढाईनें पुरतीं तीस सेकंद घेतलीं तर एकंदर ऐंशीं चढाया होतात. आपल्या वाट्यास चाळीस. त्यांतील तीनांपैकीं दोन मुद्दाम रिकाम्या काढावयाच्या असें ठरविलें, तर सव्वीसांवर चढाया आपण होऊनच पाण्यांत गेल्या. उरलेल्या तेराचौदांवर विजयाचा इमला उभारावयाचा. एखाद्या गृहस्थानें महिन्याच्या पगारांतील दोन-तृतीयांश रक्कम मातींत पुरून उरलेल्यांत घर चालविण्याचा हट्ट धरावा, असा हा प्रकार आहे.

पाहणाऱ्यांचा कंटाळा नियम करणाऱ्यांच्याही ध्यानीं आला असावा. २०१४ सालीं प्रो कबड्डीचे सामने सुरू झाले, आणि त्या सामन्यांनीं तिसऱ्या चढाईचा नियम घरोघर पोहोंचविला. आतां इतर स्पर्धांतूनही तो दिसतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरींत गुण मिळविलाच पाहिजे. न मिळाला तर गडी बाद, आणि प्रतिपक्षाला एक गुण. आतां तरी आमची मंडळी हालचाल करतील असें मला वाटलें होतें. त्यांनीं या नियमाचेंही वेळापत्रक करून टाकलें! दोन चढाया रिकाम्या आणि तिसऱ्या वेळीं बळी. तोही बहुधा संघांतील सर्वांत नवखा मुलगा, कारण मुख्य गडी राखून ठेवावयाचा. समोरच्यांस सर्व आधींच ठाऊक असतें. ते दोन्ही कोपऱ्यांत दबा धरून असतात. पहिल्या दोन खेपांस कोणी सावध नसतांना जें धाडस स्वस्तांत झालें असतें, तें आम्ही तिसऱ्या खेपेस चढ्या भावानें विकत घेतों.

माझा पुतण्या या संघांत दोन वर्षें होता. पहिल्या वर्षींचा एक सामना मला स्पष्ट आठवतो. पहिल्याच चढाईंत तो सरळ आंत घुसला आणि दोघांस शिवून परतला. दुसऱ्या खेपेस त्याच जोमानें गेला. त्याचा घोटा कोपऱ्यावरील गड्याच्या हातीं सांपडला. संघास दोन गुण मिळाले होते, एक गेला होता. कोणत्याही दुकानदारानें हा व्यवहार आनंदानें केला असता. परंतु पुढें तो पुन्हां जिवंत होऊन आंत आला, तेव्हां लगेच त्याच्या जागीं दुसरा गडी उतरविण्यांत आला आणि हा शेवटपर्यंत बांकावर बसून राहिला. सामना आम्ही तीन गुणांनीं गमावला.

त्या रात्रीं जेवतांना तो म्हणाला, ‘‘काका, रिकामं परत आलं तर कोणीच काही म्हणत नाही. धरलं गेलं की सगळे विचारतात, तुला आत जायला सांगितलं होतं कोणी?’’ पुढल्या वर्षीं मीं त्याचे सर्व सामने पाहिले. तो निदानरेषेपलीकडे एक पाय टाकीत असे, उजवीकडे हात हलवीत असे, डावीकडे हात हलवीत असे, आणि परत येत असे. त्यास कोणी बांकावर बसविलें नाहीं.

एकदां सामना संपल्यावर त्या संघाच्या शिक्षकांची गांठ पडली. गृहस्थ सज्जन, मुलांवर माया करणारे, स्वतः उत्तम खेळलेले. मीं आडपडदा न ठेवतां माझें गाऱ्हाणें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, ‘‘काका, तुमचं खरं आहे. पण माझी नेमणूक तासिका तत्त्वावर. दर वर्षी नवा आदेश निघतो. तीन गुणांनी हरलो, तर ‘थोडक्यात हुकलं’ म्हणून सगळे पाठीवर हात ठेवतात. मुलांना मोकळं सोडलं आणि वीस गुणांनी हरलो, तर पुढच्या वर्षी मला कोण बोलावील?’’

या प्रश्नानें माझा राग निमाला, पण त्याच्या जागीं दुसरी एक अस्वस्थता आली. आमचा संघ जिंकण्यासाठीं खेळत नाहीं हें मला पूर्वींच कळलें होतें. तो कशासाठीं खेळतो हें आतां कळलें. तो ‘थोडक्यांत हुकण्या’साठीं खेळतो. थोडक्यांत हुकणें हें एक सुरक्षित घर आहे. त्यांत अपमान नाहीं, चौकशी नाहीं, उलट थोडें कौतुक आहे. विजयाची वाट मात्र मोठ्या पराभवाच्या दारावरूनच जाते, आणि त्या दारावरून जाण्याची परवानगी आपण त्या शिक्षकांस कधीं दिलेलीच नाहीं.

याचा अर्थ प्रत्येक सावधपणा निंद्य आहे असा कोणी घेऊं नये. २०२५ सालच्या आरंभीं नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यामध्यें रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. विदर्भानें पहिल्या डावांत ३७९ धावा केल्या, केरळचा डाव ३४२ धावांवर आटोपला, आणि त्यानंतर आमच्या फलंदाजांनीं सामना अनिर्णित होईपर्यंत ठाण मांडलें. त्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. शेवटच्या दिवशीं प्रेक्षकांस जांभया आल्या असतील. परंतु येथें सावधपणाच्या टोकाशीं विजय उभा होता. मिळविलेलें राखण्यासाठीं धरलेला धीर निराळा, आणि कांहींच न मिळवितां धरलेला धीर निराळा.

कबड्डींतही असा धीर पाहावयास मिळतो. अनूपकुमार हा खेळाडू घाईगर्दी न करतां बोनसचा गुण टिपून आणण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याच्या शांत मुद्रेकडे पाहून हा कांहीं करील असें वाटतच नसे. २०१६ सालच्या विश्वचषकाच्या वेळीं तोच भारताचा नायक होता. अहमदाबादेस इराणविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यांत मध्यंतरास भारत १३ विरुद्ध १८ असा मागें पडला. आमच्या संघानें अशा वेळीं पांच गुणांचें अंतर तसेंच जपून शेवटपर्यंत आणलें असतें! भारतीय संघानें उत्तरार्धांत चढायांचा वेग वाढविला. अजय ठाकूर यानें एकट्यानें बारा गुण आणले, आणि सामना ३८ विरुद्ध २९ असा जिंकला. घड्याळ पाहून चाल बदलणें हेंच सावध माणसाचें खरें कौशल्य होय. घड्याळ पाहूनही जो बदलत नाहीं त्याच्या वृत्तीस सावधपणा म्हणूं नये. ती संवय झाली.

आणि हें सर्व घडतें आहे कोठें? तर ज्या अमरावतींत अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, तेथें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं याच मंडळाच्या पथकानें परदेशी प्रेक्षकांपुढें हुतूतूचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. समुद्र ओलांडून गेलेल्या त्या तरुणांनीं तेथें निदानरेषेवर पाय टेकून परत येण्याचाच खेळ दाखविला असता, तर जर्मन लोकांस तें कवाईतीचें एखादें अंग वाटलें असतें!

जुन्या खेळाचे तीन प्रकार होते: अमर, गामिनी आणि संजीवनी. अमर प्रकारांत गडी बाद होऊन बाहेर जातच नसे. नुसता गुण मोजीत. गामिनींत एकदां बाद झालेला गडी, सारा संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. संजीवनींत मात्र आपल्या कोणी प्रतिपक्षाचा गडी टिपला, कीं आपला एक बाद झालेला गडी पुन्हां जिवंत होऊन मैदानांत येई. आजची कबड्डी या संजीवनीवरच उभी आहे. म्हणजे खेळाच्या घटनेंतच असें लिहून ठेविलें आहे, कीं जो धाडसानें गेला आणि पडला, त्यास उठविण्याचें काम त्याच्या सोबत्यांचें. आमचे गडी मात्र संजीवनीच्या मैदानावर गामिनीचें भय बाळगून खेळतात.

हें भय त्या मुलांनीं मैदानावर शोधून काढलेलें नाहीं. तें तीं घरून घेऊन येतात. आपल्या घरांतील बोलणीं क्षणभर ऐकावीं. एखाद्या मुलानें कठीण परीक्षा दिली आणि तो नापास झाला, तर मुंज असो वा बारसें असो, प्रत्येक पंक्तींत त्याची चौकशी होते. ज्यानें त्या परीक्षेचा अर्जच भरला नाहीं, त्याच्या ताटांत आपण निःशंकपणें दुसरी जिलेबी वाढतों. धंदा बुडालेल्या मेहुण्याची गोष्ट वीस वर्षें सांगितली जाते; धंदा करावासा वाटून न केलेल्या भावाची गोष्ट कोणी सांगत नाहीं, कारण सांगण्यासारखें कांहीं घडलेलेंच नसतें. रिकामी चढाई कोणाच्याच नजरेस येत नाहीं. पकडलेली चढाई सर्वांस दिसते. ज्या मुलानें अठरा वर्षें हा न्याय पाहिला, त्यानें शनिवारीं दुपारीं चार वाजतां अकस्मात् सिंह व्हावें अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतों?

त्या शिक्षकांची नेमणूक कायम करणें माझ्या हातांत नाहीं. नियम बदलणें तर नाहींच. परंतु प्रेक्षकाच्या हातांत एक गोष्ट असते, ती म्हणजे त्याची टाळी. आजवर आम्ही ती फक्त गुण आणणाऱ्यासाठीं राखून ठेवीत आलों. येत्या हंगामांत जो गडी खोल आंत जाऊन पकडला जाईल, तो बांकाकडे परततांना त्यासाठींही ती वाजवावी, अशी विनंति मीं बडनेऱ्याहून सामने पाहण्यास येणाऱ्या चार-पांच मंडळींस करून ठेविली आहे. त्यांपैकीं एकानें लगेच विचारलें, ‘‘अन् मंग हारले तर?’’

हरले तर हरले. निदान परततांना बसमध्यें आम्हांस बोलावयास कांहीं तरी असेल.