वाळूचा ढीग आणि परमिटची तारीख

शिकागो शहरात घर पाडायचं असो, नवीन बांधायचं असो, वर मजला चढवायचा असो की आतल्या भिंती हलवायच्या असोत, शहराच्या बिल्डिंग खात्याचं परमिट लागतं. आणि गंमत म्हणजे ही परमिटं शहराच्या डेटा पोर्टलवर कुणालाही फुकट बघता येतात, २००६ सालापासूनची! परमिटचा प्रकार, अर्ज कधी केला, मंजूर कधी झाला, पत्ता, कामाचं वर्णन, अंदाजे खर्च, कॉन्ट्रॅक्टरचं नाव... सगळं एका टेबलात. असं टेबल दिसलं की आपल्यासारख्यांचे हात शिवशिवायला लागतात. तर मंडळी, या वीकेंडला त्या टेबलाबद्दल.

आमच्या ओळखीचे एक काका इथे लाकडी फ्लोअरिंगचं काम करतात. मूळचे पुण्याचे. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि मग घरच्यासारखंच झालं. जुन्या ओकच्या फळ्या घासून, पॉलिश मारून नव्यासारख्या करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. एक व्हॅन आणि दोन माणसं. दोघंही बरीच वर्षं त्यांच्याकडेच आहेत. उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, पण जानेवारी आला की फोन वाजायचा बंद होतो आणि त्या दोन माणसांना काय सांगायचं हा प्रश्न उभा राहतो. गिऱ्हाइकांचे पत्ते विकणाऱ्या एका वेबसाइटला पैसे भरून झाले होते. तिथे एकच पत्ता चार-पाच जणांना विकतात. काकांचा फोन जाईपर्यंत समोरचा माणूस वैतागलेला असायचा.

"अरे, तू कंप्युटरवाला ना? मग शोधून दे की मला कामं," काका म्हणाले.

आता या टेबलावर पहिला विचार सगळ्यांना एकच सुचतो. आज मंजूर झालेली परमिटं काढा आणि सगळ्यांच्या आधी जाऊन पोचा. पण नीट बघितलं तर परमिट हातात येईपर्यंत मुख्य कॉन्ट्रॅक्टर ठरलेला असतो, त्याचं नावच त्यावर असतं. बऱ्याच कामांत इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरही तिथेच लिहिलेले असतात. म्हणजे 'ताजी' यादी ही खरं तर होऊन गेलेल्या लग्नांची यादी! आणि काकांच्या कामाची तर आणखीनच पंचाईत, कारण नुसतं फ्लोअर घासायला किंवा रंग द्यायला इथे परमिट लागतच नाही. म्हणजे त्यांचा धंदा या टेबलात कुठेच दिसत नाही.

मी हे सांगितल्यावर काका हसले. त्यांचे वडील पुण्यात फरशीला पॉलिश करून द्यायचे. सकाळी सायकलवर फेरी मारायची आणि कुठे वाळूचा ढीग पडलाय ते बघायचं.

"मग लगेच जाऊन विचारायचे?" मी विचारलं.

"छे रे! वाळू पडली त्या दिवशी फरशीवाल्याला कोण उभं करतंय? वहीत तारीख आणि पत्ता लिहायचे. घराला गिलावा लागायच्या सुमाराला जायचे. तेव्हा घरमालक स्वतःच पॉलिशवाला शोधत असतो."

हीच आमची क्वेरी!

इथल्या कामाचा क्रम साधारण असा असतो: आधी तोडफोड, मग लाकडी सांगाडा, भिंतीच्या आतलं प्लंबिंग आणि वायरिंग, त्याचं इन्स्पेक्शन, इन्सुलेशन, ड्रायवॉल, रंगाचा पहिला हात आणि त्यानंतर फ्लोअर. ज्याचं काम शेवटी येतं, त्याच्यासाठी शिळं परमिटच ताजं असतं. काकांच्या अनुभवाने आतल्या रिनोव्हेशनला परमिटनंतर दोन ते चार महिन्यांनी फ्लोअरवाला लागतो, अख्खं नवीन घर असेल तर त्याहून बराच उशिरा. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परमिट मिळालेली घरं नेमकी डिसेंबर-जानेवारीत फ्लोअरला येतात. बाहेर बर्फ पडत असला तरी आतलं काम चालूच राहतं. काकांच्या रिकाम्या जानेवारीचं उत्तर ऑक्टोबरच्या परमिटांत पडून होतं.

स्क्रिप्ट अगदी किरकोळ आहे. पोर्टलला एपीआय आहे, त्यात थेट अटी लिहून विचारता येतं. (करून बघणार असाल तर एक सूचना: लिमिट दिलं नाही तर जुन्या एपीआयवर पहिल्या १००० ओळीच येतात आणि आपल्याला वाटतं तेवढ्याच आहेत.) परमिटचा प्रकार रिनोव्हेशनचा, मंजुरी ६० ते १२० दिवसांपूर्वीची, आणि काकांची व्हॅन जाते तेवढाच भाग. कामाचं वर्णन मात्र मोकळा मजकूर असतो, सगळा कॅपिटलमध्ये आणि मनाला येईल तशा शॉर्टफॉर्ममध्ये. त्यातून छप्पर, विटांची डागडुजी, मागचा जिना असली कामं वगळली. 'डीकन्व्हर्जन' हा शब्द मात्र मुद्दाम ठेवला. दोन बिऱ्हाडांच्या जुन्या घराचं एक मोठं घर करायचं, की त्याला इथे डीकन्व्हर्जन म्हणतात. तिथे भिंती सरकतात आणि जुन्या फ्लोअरला नवीन फळ्या जोडाव्या लागतात. काकांचं आवडतं काम!

बंगलो बेल्टसुद्धा घेतला. १९१० ते १९४० च्या दरम्यान बांधलेले सुमारे ८०,००० विटांचे बंगले शिकागोत आहेत, आणि त्यांच्या कार्पेटखाली पुष्कळदा अख्खं ओकचं फ्लोअर झोपलेलं असतं. खर्चाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. तो अर्ज करणाऱ्याने दिलेला अंदाज असतो.

परमिट मिळालं म्हणजे काम सुरू झालंच असंही नाही. त्यामुळे यादीतल्या घरांवरून काका एकदा व्हॅन नेतात. दारात राडारोड्याचा मोठा कंटेनर आहे का? ड्रायवॉलचे तुकडे त्यात पडलेत का? तुकडे दिसले की समजायचं, गिलावा चालू आहे!

आता खरा प्रश्न. पत्र कुणाला लिहायचं?

यादीत एक ओळ आली: आगीने झालेल्या नुकसानीची दुरुस्ती. अशा ओळी या टेबलात येतात. मी म्हटलं, काका, हे घर तर नक्कीच फ्लोअर करणार. काकांनी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली.

"जळक्या घराच्या दारात मी माल विकायला उभा राहणार नाही."

"पण काका, त्यांना गरज आहेच ना? कोणीतरी करणारच ते काम. तुम्ही केलंत तर निदान चांगलं होईल."

"गरज आहे म्हणूनच नको. त्या बाईला आत्तापर्यंत दहा जणांनी गाठलं असेल. आपण अकरावे."

यावर आमचा बराच वाद झाला. माझं म्हणणं होतं की माहिती सार्वजनिक आहे, आपण काही चोरी करत नाही. ते खरंच आहे. पण ही नोंद लोकांनी धड, सुरक्षित घरं बांधावीत म्हणून ठेवली जाते. परमिट काढणाऱ्याने त्यात 'माझं दार वाजवा' असं कुठेही लिहिलेलं नसतं.

मग मी तीच यादी वेगळी लावली. पत्त्याऐवजी मुख्य कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने ग्रुप बाय. मागच्या वर्षभरात काकांच्या भागात कुणी किती घरं केली? चित्र एकदम बदललं. तीच तीच नावं पुन्हा पुन्हा वर आली. घरमालक आयुष्यात एकदा फ्लोअर करतो, पण हे लोक महिन्या-दोन महिन्यांनी करतात. आणि धंदेवाल्याने धंदेवाल्याला पत्र लिहिलं तर कुणाच्या घरात डोकावणं होत नाही. पत्रात काकांनी एवढंच लिहिलं: तुमची या भागात कामं चालू आहेत असं दिसतं, जानेवारीत माझी दोन माणसं मोकळी आहेत, मागची कामं बघायला या. आगीचं ते घरही अशाच एका कॉन्ट्रॅक्टरकडे होतं. त्याने बोलावलं असतं तर काका गेले असते, हे त्यांनीही मान्य केलं.

पत्रं गेली बारा. उत्तरं आली दोन. त्यातल्या एकाचं डीकन्व्हर्जन अडलं होतं, कारण त्याचा नेहमीचा फ्लोअरवाला गावाला गेला होता. जानेवारीचे तीन आठवडे त्या घरात गेले आणि फेब्रुवारीत त्याच माणसाने दुसरं घर दिलं. दोन्ही माणसं टिकली. बस, एवढंच. पत्ते विकणाऱ्या वेबसाइटचे पैसे काकांनी बंद केले.

हे सगळं फक्त शिकागो शहराच्या हद्दीतलं. नेपरव्हिल, शॉम्बर्गसारख्या उपनगरांची खाती वेगळी. जिथे यादी ऑनलाइन नाही तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो, आणि इलिनॉयच्या कायद्यात तो धंद्यासाठी असेल तर तसं सांगावं लागतं. साध्या अर्जाला उत्तराची मुदत कामकाजाचे ५ दिवस, धंद्याच्या अर्जाला २१. बहुतेक धंद्यांना ही मुदत जाचक वाटेल. फ्लोअरवाल्याला काय फरक पडतो?

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी महारेराची साइट बघावी. २०१७ पासून ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचे आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅटचे प्रकल्प विकायचे तर तिथे नोंदवावे लागतात, आणि प्रकल्प पूर्ण करायची तारीखही जाहीर करावी लागते. खिडक्या, ग्रिल, मॉड्युलर किचन, पडदे करणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसासाठी त्या तारखेवरून उलटं मोजून बघा. छोटी बांधकामं आणि घरातली दुरुस्ती त्यात सापडणार नाही. त्यासाठी अजूनही वाळूचा ढीगच बरा.

काकांना मी मॅपवर टिंबं वगैरे दाखवणारं एक पानही करून दिलं होतं. ते त्यांनी एकदा कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे रे, पण मला आपली छापून दे. आणि तारखेचा कॉलम पहिला ठेव."